कोकण किनाऱ्याच्या सफरीसाठी मराठवाड्यात सराव : लांब राइडमधला थकवा ओळखायचा कसा, पेलायचा कसा

बीड, लातूर, परभणी, जालना किंवा छत्रपती संभाजीनगरात राहून कोकण किनारपट्टीच्या सायकल सफरीची तयारी करायची म्हणजे सगळा सराव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, कोरड्या हवेत आणि लांबच लांब सरळ रस्त्यांवर होतो. त्याने काही बिघडत नाही. पाच-सहा तास सीटवर बसून राहण्याची ताकद इथेच उत्तम तयार होते. बिघडते ते एका सल्ल्यामुळे, ‘थकवा आला की जोर लावायचा.’ हा सल्ला अर्धवट आहे.

लांब राइडमध्ये थकवा एकाच कारणाने येत नाही. इंधन संपते, पाणी-मीठ कमी पडते, ऊन बाधते, पहिल्या तासात उधळलेला वेग नंतर वसूल होतो, सीटची उंची चुकलेली असते, किंवा निव्वळ कंटाळा आलेला असतो. यातला कंटाळा आणि स्नायूंचा साधा शीण एवढेच जिद्दीने रेटता येतात. बाकीच्या कारणांवर जिद्द लावली की ८० किमीची राइड ६० किमीवर मोडते आणि पुढचे तीन-चार दिवसही वाया जातात.

आधी कारण शोधा

मांड्यांमध्ये दोन्ही बाजूंना सारखी जळजळ आहे, गिअर हलका केला की ती कमी होते, डोके साफ आहे, भूक लागते आहे आणि सोबत्याशी नीट बोलता येते, तर तो साधा शीण. तो रेटायचा.

पाय एकदम रिकामे झाल्यासारखे वाटतात, हात थरथरतात, विनाकारण चिडचिड होते आणि उरलेल्या किलोमीटरची सोपी वजाबाकीही जमत नाही, तेव्हा शरीरातली साखर संपत आलेली असते. सायकलवाले याला ‘बाँक’ म्हणतात. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम कर्बोदकांचा साठा ठेवतात आणि जरा जोराने चालवली तर दोन तासांत त्याचा तळ दिसू लागतो. चरबी भरपूर असते, पण ती हळू जळते, म्हणून वेग कोसळतो.

नेहमीच्याच वेगाला नाडी १०-१५ ठोक्यांनी वर गेलेली दिसते, तोंड कोरडे पडते, डोके ठणकते आणि लघवी गडद होते, हे पाण्याचे लक्षण. भर उन्हात अंगावर काटा येणे, थंडी वाजणे किंवा मळमळणे हे ऊन बाधल्याचे लक्षण. त्यावर जिद्दीचा उपाय नाही.

नक्की कळत नसेल तर १५ मिनिटांची चाचणी करा. सावलीत थांबा, हेल्मेट काढा. ३०-४० ग्रॅम साखर मिळेल असे काही खा, म्हणजे एक मोठे केळ आणि गुळाचा छोटा खडा. मीठ-लिंबू घातलेले ३०० ते ४०० मिली पाणी घोट-घोट प्या. मानेवर आणि मनगटांवर पाणी ओता. मग पुढची २० मिनिटे अगदी हलक्या गिअरवर चालवा. उभारी आली तर इंधन किंवा पाणीच कमी पडले होते, राइड पुढे न्या. काहीच फरक नसेल तर तो दिवस तिथेच संपवा आणि जवळच्या रस्त्याने घरी फिरा.

निघण्याआधी

आदल्या रात्री पोटभर वरण-भात किंवा खिचडी खा. ज्वारीची भाकरी आपल्याकडची रोजची असली तरी तिच्यातला चोथा पहाटेच्या राइडला जड पडतो, तेव्हा ती दुपारच्या जेवणातच ठेवा. पहाटे ५ वाजता निघायचे असेल तर ४.१५ च्या आसपास दोन केळी आणि कपभर चहा पुरे. ७ वाजता निघत असाल तर दीड तास आधी वाटीभर सुशीला किंवा पोहे चालतात, फक्त शेंगदाणे आणि तेल बेताचे. चहा-कॉफीतल्या कॅफीनने शीण खरोखर कमी जाणवतो. पण टपरीवरच्या छोट्या कपात ते थोडेच असते. चहा म्हणजे अन्न नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

सायकल रात्रीच तपासा. २८ मिमीचे टायर आणि ७० किलोच्या आसपास वजन असेल तर ७० ते ८० पीएसआय हवा ठीक. चाक उचलून फिरवा, ब्रेक घासत असेल तर आवाज येतो. साखळी कापडाने पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडा आणि वरचे तेल पुन्हा पुसून घ्या, नाहीतर काळ्या मातीची धूळ तिथे चिकटून साखळी किसत राहते. घासणारा ब्रेक आणि निम्मी उतरलेली हवा थकव्याचे सोंग घेऊन येतात. प्रत्येक थांब्यावर टायर अंगठ्याने दाबून पाहा.

रस्त्याकडेची वेडी बाभूळ मराठवाड्यातल्या सायकलस्वाराचा खरा शत्रू. तिचा काटा टायरमध्ये मोडून बसतो, बाहेरून दिसत नाही, आणि नवी ट्यूब टाकली की दहा मिनिटांत तीही बसते. म्हणून ट्यूब बदलताना टायरच्या आतून रुमाल फिरवा. जिथे कापड अडकेल तिथे काट्याचे टोक आहे. ते नखाने ढकलून बाहेरून चिमट्याने ओढा. दोन ट्यूब, पॅचचे सामान, दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायच्या पट्ट्या) आणि पंप, एवढे कायम सोबत असू द्या.

पहिला तास राखून

शेवटच्या तासातल्या थकव्याची सुरुवात बहुतेक वेळा पहिल्या तासातच झालेली असते. गार हवा, ताजे पाय, सोबतीला चार जण, त्यामुळे वेग आपोआप ताशी ३-४ किमीने वाढतो. पहिले २५-३० किमी पूर्ण वाक्ये बोलता येतील इतक्याच जोरात चालवा. शब्द तुटायला लागले की गिअर हलका करा. राइड संपल्यावर पहिल्या आणि शेवटच्या तासाचा सरासरी वेग ताडून पाहा. वारा आणि चढ सारखे असूनही फरक १० टक्क्यांहून जास्त असेल तर सुरुवात जोरात झाली.

पायडल मिनिटाला ८० ते ९० वेळा फिरत राहू द्या. थकले की माणूस नकळत जड गिअरवर ६०-६५ वर येतो, मांड्या भरून येतात आणि गुडघे दुखू लागतात. दर दहा मिनिटांनी २०-३० पायडल उभे राहून मारा. पाठ मोकळी होते आणि बूड सुन्न पडत नाही.

वाऱ्याशी वेगाची पैज लावू नका. हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी दोन किमी जादा वेगासाठी फार मोठी किंमत मोजावी लागते. वेग जाऊ द्या, श्रम तेवढेच ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे पश्चिमेचा वारा जोरात असतो. त्या दिवसांत जाताना पश्चिमेकडे जा, म्हणजे परतताना दमलेल्या पायांना पाठीवरचा वारा मिळतो. गटात असाल तर पुढच्या चाकामागे साधारण मीटरभर अंतर राखून एका रांगेत चाला आणि दोन-तीन मिनिटांनी पुढचा माणूस बदला.

नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि बहुतेकींना मागे दिवा नसतो. पुढचा आणि मागचा दिवा लावल्याशिवाय निघू नका. थकलेल्या डोळ्यांना अंधारातली उभी ट्रॉली फार उशिरा दिसते.

खाणे : घड्याळ लावून

भूक लागेपर्यंत थांबलात की उशीर झालेला असतो. निघाल्यापासून ३०-४० मिनिटांत पहिला घास, मग दर २० मिनिटांनी थोडे-थोडे. मोबाइलवर तसा गजर लावा. तासाला ६० ग्रॅम कर्बोदके हे धरून चालण्याजोगे प्रमाण आहे. सवय झालेल्यांना त्याहून जास्त पचते, पण ती सवय सरावातच लावावी लागते. पोटालाही सराव लागतो.

हे ६० ग्रॅम घरच्या वस्तूंतून सहज बसतात. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम. सपाट भरलेल्या मोठ्या चमचाभर साखरेत १२ ग्रॅम. मध्यम आकाराच्या उकडलेल्या बटाट्यात ३० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बाटलीत तीन मोठे चमचे साखर आणि तासाभरात एक केळ, की काम झाले. गूळ-शेंगदाण्याची चिक्की चविष्ट आणि टिकाऊ, पण शेंगदाण्यातले तेल हळू पचते, म्हणून ती पहिल्या दोन तासांतच संपवा. राजगिऱ्याचा लाडू हलका, मात्र कोरड्या तोंडात त्याचा भुगा घशाला चिकटतो. तो खाताना पाणी हाताशी हवे.

चौथ्या तासानंतर गोडाचा वीट येतो, आणि लोक खाणे सोडतात ते नेमके तिथेच. त्यासाठी एक खारी वस्तू राखून ठेवा. मीठ लावलेला उकडलेला बटाटा सगळ्यात चांगला. अर्धा धपाटाही चालतो. रसवंतीवर थांबलात तर बिनबर्फाचा एक ग्लास रस घ्या. बर्फ कोणत्या पाण्याचा आहे कळत नाही, आणि ५० किमी पुढे पोट बिघडले तर राइड संपलीच. मिसळ, वडे, भजी परत आल्यावर.

पाणी आणि मीठ : इथे मराठवाडा फसवतो

कोरड्या हवेत घाम आल्या-आल्या उडून जातो. कपडे कोरडे, त्यामुळे घाम गेलाच नाही असे वाटते. खरा हिशोब हेल्मेटच्या पट्ट्यांवर दिसतो. हनुवटीखाली बोट फिरवले की पांढरी खरखर लागते, जर्सीच्या पाठीवर मिठाच्या रेघा उमटलेल्या असतात. तेवढे पाणी आणि मीठ अंगातून गेलेले असते.

आपला घाम मोजायला वजनकाटा पुरतो. निघण्याआधी लघवी करून, कपडे काढून वजन करा. तासभर नेहमीच्या जोरात चालवा. परतल्यावर अंग पुसून पुन्हा वजन करा. समजा ७०.० किलोचे ६९.२ झाले आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायलात, तर तासाला १.३ लिटर घाम गेला. ही चाचणी थंडीत एकदा आणि मार्चच्या उन्हात एकदा करा, दोन आकड्यांत मोठा फरक पडतो. गेलेले सगळेच पाणी त्याच वेळी भरून काढायची गरज नसते. मात्र घट शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांवर जाऊ देऊ नका. ७० किलोच्या माणसाला हे १.४ किलो होतात. बहुतेकांना तासाला ५०० ते ७५० मिली पुरते. कडक उन्हात लिटरपर्यंत जाते, त्यापुढे पोटच घेत नाही.

बाटलीचे प्रमाण असे: ७५० मिली पाणी, तीन मोठे चमचे साखर, पाव लहान चमचा मीठ, अर्धे लिंबू. पाव चमचा म्हणजे साधारण दीड ग्रॅम मीठ. ज्यांच्या कपड्यांवर मीठ जास्त उमटते त्यांनी ते थोडे वाढवावे. दुसऱ्या बाटलीत साधे पाणी ठेवा, पिण्याला आणि डोक्यावर ओतायला. ओआरएसचे पाकीट जवळ असावेच, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. ते पाणी आणि मीठ भरून काढते, पायांना इंधन देत नाही. नुसते ओआरएस पिऊन ‘बाँक’ टळत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

उलट बाजूही धोक्याची आहे. भीतीपोटी नुसते साधे पाणी लिटरच्या लिटर प्यायले की रक्तातले सोडियम पातळ होते. बोटे सुजतात, अंगठी घट्ट होते, डोके दुखते, मळमळते, आणि वजन सुरुवातीपेक्षा वाढलेले निघते. अशा वेळी आणखी पाणी पाजू नये. काहीतरी खारे द्यावे. गुंगी किंवा गोंधळ दिसला तर थेट दवाखाना.

दुखणे आणि शीण वेगळे

शीण दोन्ही पायांत सारखा असतो. दुखणे बहुधा एका बाजूला आणि एका बिंदूवर असते. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखले तर सीट खाली आहे किंवा गिअर जड आहे. मागच्या बाजूला दुखले तर सीट वर आहे. पायडल अगदी खाली असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक हवा. घरी तपासायचे तर टाच पायडलवर ठेवून पाय जवळपास सरळ होईल इतकी उंची ठेवा, मग चवडा ठेवल्यावर बाक आपोआप बरोबर येतो. बदल एका वेळी ३ ते ५ मिमी, त्याहून जास्त नाही. सीटपोस्टवर इन्सुलेशन टेपची खूण करून ठेवा. खड्ड्यांच्या रस्त्यावर सीटपोस्ट हळूहळू खाली सरकतो आणि १०० किमीवर दुखणाऱ्या गुडघ्याचे कारण ती खूण दाखवते.

हाताची करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होणे म्हणजे तळहातातली नस दाबली जाते आहे. दर पाच-सात मिनिटांनी हँडलवरची पकड बदला, कोपर ताठ ठेवू नका. पॅडवाल्या शॉर्टखाली अंतर्वस्त्र घालू नका, आणि जिथे घासते तिथे निघण्यापूर्वीच पेट्रोलियम जेली लावा. सालटे गेल्यावर लावून फारसा उपयोग नाही.

कंटाळ्याचे काय करायचे

उरलेल्या ७० किमीचा विचार करू नका, पुढच्या फाट्याचा करा. तिथे पोचलात की त्याच्या पुढच्या फाट्याचा. राष्ट्रीय महामार्गावर पिवळ्या माथ्याचे आणि राज्य महामार्गावर हिरव्या माथ्याचे किलोमीटरचे दगड दिसतात तिथे दर पाचव्या दगडाला एक घोट, असे ठरवून टाका. चढावर असताना राइड सोडण्याचा निर्णय घेऊ नका, आणि काही खाल्ल्यापासून दहा मिनिटे होईपर्यंतही घेऊ नका. थांबा १०-१२ मिनिटांचा. ढाब्यावर बाजेवर आडवे झालात की पाय आखडतात आणि पुन्हा निघणे कठीण होते.

जिथे थांबलेच पाहिजे

छातीत दुखणे किंवा दडपण, श्वास न बसणे, चक्कर, सायकल सरळ रेषेत न राहणे, बोलण्यात गोंधळ, झोपेची डुलकी. यातले एकही दिसले तर पाय खाली टेका. ऊन बाधलेला माणूस बडबडू लागला किंवा तोल जाऊ लागला तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत गार करणे थांबवू नका. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने पाणी पाजू नका. साध्या थकव्यासाठी गावातला कोणी छोटा हत्ती घेऊन येऊ शकेल का, हे आधीच विचारून ठेवा. मार्च ते मे या काळात सकाळी १० पर्यंत घरात परत, हा नियम पाळा.

किनाऱ्यावर काय बदलते

कोकणातल्या दमट हवेत घाम उडत नाही, नुसता ओघळतो. त्यामुळे अंग गार होत नाही आणि त्याच वेगाला नाडी वर राहते. तिथल्या पहिल्या दोन दिवसांत नेहमीपेक्षा वेग कमी ठेवावाच लागतो. शरीर उष्णतेला रुळायला साधारण एक ते दोन आठवडे घेते. शेवटच्या दोन आठवड्यांत घरच्या ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवता येईल अशा स्टँडवर) पंखा बंद करून आठवड्यातून तीनदा ४५ मिनिटे हलकी सायकल चालवली तर थोडी तयारी होते. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी हे करू नये.

दुसरा फरक चढांचा. आपल्याकडे चढ लांब आणि सौम्य. किनाऱ्यावर रस्ता खाडीशी उतरतो, लगेच सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चढतो, पुन्हा उतरतो, आणि एकेक चढ छोटा पण खडा असतो. त्यासाठी पुढे ३४ आणि मागे ३२ किंवा ३४ दातांचा गिअर असलेला बरा. सरावाला संभाजीनगरकरांनी दौलताबाद-खुलताबादचा घाट, बीडकरांनी मांजरसुंब्याचा घाट धरावा. धाराशिव-तुळजापूर आणि अंबाजोगाईकडच्या मंडळींना बालाघाटाचे चढ दारातच आहेत. ३ ते ५ मिनिटांचा खडा तुकडा शोधा, बसूनच चढा, उतरताना विश्रांती घ्या, असे सहा ते आठ वेळा. आठवड्यातून एकदा पुरे.

वाटेत आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरी, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या बोटी, आहेत. फेरीतला वेळ खाण्यासाठी वापरा. पण ओल्या जर्सीवर वारा लागून पाय थंड पडतात आणि धक्क्यावरून उतरताच चढ समोर असतो. म्हणून फेरीत चढण्याआधीच गिअर अगदी हलका करून ठेवा आणि उतरल्यावर पहिली पाच मिनिटे जोर लावू नका. शेवाळलेल्या धक्क्यावर सायकल हातात धरून चाला. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि उत्तर-दक्षिण रस्त्यावर तो बाजूने झोंबतो, तेव्हा मोठा टप्पा सकाळी उरका. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने सायकल धुऊन साखळीला तेल द्या. खाऱ्या हवेत एका रात्रीत तांबूस गंज दिसू लागतो.

दहा आठवड्यांची आखणी

सलग ५० किमी आरामात जमत असतील तर आठवड्याच्या लांब राइडची आखणी अशी ठेवता येते: ६०, ७०, ८०, मग विश्रांतीचा आठवडा ५०, पुढे ९०, १०५, १२०, पुन्हा विश्रांतीला ७०. नवव्या आठवड्यात सलग दोन दिवस १०० आणि ८०. संभाजीनगरहून पैठणला जाऊन येणे साधारण १००-११० किमी भरते, त्या पहिल्या दिवसाला हा रस्ता सोयीचा. दुसऱ्या दिवशीचे ८० सगळ्यात महत्त्वाचे, कारण दमलेल्या पायांनी पुन्हा सीटवर बसणे हीच किनारी सफरीची रोजची परिस्थिती. पहिल्या दिवशी परतल्यावर तासाभरात भात-वरण, अंडी किंवा दही असे जेवा, मीठ घातलेले ताक घ्या, आणि आठ तास झोपा.

प्रत्येक राइडनंतर वहीत चार गोष्टी लिहा: कितव्या किलोमीटरला शीण जाणवला, त्याआधीच्या तासात काय खाल्ले, किती पाणी गेले, तापमान किती होते. तीन-चार राइडनंतर आपला कमकुवत दुवा कागदावरच दिसतो. दहाव्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणा. दोनदा ३०-४० किमी हलके चालवा, त्यात पाच-सहा वेळा मिनिटभर जोर लावा. ब्रेकचे पॅड बदला, आणि नवी सीट, नवे बूट किंवा नवा खाऊ यांपैकी काहीही त्या आठवड्यात सुरू करू नका.